सरबतात काय आहे?

बार्ब्रोच्या घरात औषधांची जागा वेगळी आणि फसफसणाऱ्या गोळ्यांची वेगळी. औषधं न्हाणीघरातल्या आरशामागच्या छोट्या कपाटात, कुलपात. गोळ्यांची नळी मात्र स्वयंपाकघरात, कॉफीच्या डब्याला टेकून उभी. डोकं जड झालं, हवा बदलली, किंवा चॅपलमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं, की ग्लासभर पाण्यात एक गोळी टाकायची, फसफस शमेपर्यंत खिडकीतून तळ्याकडे बघायचं आणि एका दमात पिऊन टाकायचं. तिचा नवरा रूने लाकडाच्या गिरणीत कामाला होता. तिथे सकाळच्या कॉफीच्या सुट्टीत अर्धी गिरणी हातात फसफसणारे पेले घेऊन बसायची. त्याला कुणी औषध म्हणत नसे. स्मोलांडमधल्या त्या गावात ते म्हणजे नुसतं 'फसफस' होतं. रूने गेला, त्याचे बूटसुद्धा देऊन झाले, पण नळी संपली की तिच्या जागी नवी येत राहिली.

बार्ब्रो जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. पोरांना गाजर आवडत नाही म्हटल्यावर तिने कधी त्यांच्याशी वाद घातला नाही. किसून मांसाच्या गोळ्यांत मिसळून टाकलं. पोरं खायची, ती गालात हसायची. तिचा सगळा कारभारच असा होता. बोलून भांडण करण्यापेक्षा गुपचूप करून मोकळं व्हावं, म्हणजे दोघांनाही बरं. तिच्या लेकीचं, इल्वाचं, लहानपणी डोकं फार दुखायचं आणि त्या गोळीची चव तर तिला मुळीच सोसत नसे. मग बार्ब्रो पाठमोरी उभी राहून कोमट पाण्यात गोळी विरघळवायची, फसफस पूर्ण बसू द्यायची आणि त्यात ब्लॅककरंट नावाच्या आंबटगोड फळांचं घट्ट सरबत ओतायची. "आईचं सरबत" म्हणून पोर प्यायची, तासाभरात खेळायला पळायची. त्यात काय होतं हे तिला कधी कळलं नाही. कळायची गरजही बार्ब्रोला वाटली नाही.

इल्वा तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हा गाजर किसून भागणार नाही असं एक दुखणं निघालं. तिची छाती एका बाजूने भरत गेली आणि दुसऱ्या बाजूने भरलीच नाही. उन्हाळ्यात तळ्यावर पोहायला गेल्यावर बार्ब्रोच्या ते लक्षात आलं. तिने काय करावं? पोरीच्या पोहायच्या पोशाखात आतून कापसाची गादी शिवली आणि तो घडी करून तिच्या पलंगावर ठेवला. "आता कुणाला दिसणार नाही," एवढंच म्हणाली. शाळेतली नर्स म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. बार्ब्रो म्हणाली, देवाने जे घडवलंय त्यात डॉक्टरांना काय दाखवायचं! झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानणाऱ्यांतली ती. पण मूठ आपली नाही, पोरीची आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. इल्वा खांदे पुढे ओढून चालायला शिकली ती कायमची. भर जुलैतही तिच्या गळ्यात मोठा रुमाल असे.

तीन वर्षांपूर्वी इल्वाने फोनवर पहिल्यांदा छाती सारखी करून घ्यायच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला होता. तेव्हा तिचं लग्न मोडत आलं होतं. बार्ब्रो म्हणाली, "धडधाकट अंगावर सुरी चालवून घ्यायची? पाप आहे ते, इल्वा." पलीकडून फोन बंद. त्यानंतर नाताळचं कार्ड तेवढं येत राहिलं, तेही नात सिग्नेच्या हस्ताक्षरात.

आणि या वसंतात अचानक फोन आला.

"मम्मा, मी ते करून घेतेय. तुझ्याजवळच्या शहरातच दवाखाना आहे. पहिल्या रात्री सोबत कुणीतरी लागतं."

बार्ब्रोने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मैत्रिणीला विचारता आलं असतं," इल्वा म्हणाली. "पण मला तू हवी आहेस. पटत नसलं तरी चालेल. नुसती बसून राहा."

"ये," बार्ब्रो म्हणाली. फोन ठेवून ती ओट्याशी उभी राहून रडली आणि मग वेलचीचे पाव भाजायला घेतले.

इल्वा दहा-बारा दिवस आधीच आली. सिग्नेला बापाकडे ठेवलं होतं. डॉक्टरांनी निकोटिन बंद करायला सांगितलं होतं आणि गोथेनबर्गच्या घरात राहून ओठाखाली धरायची ती तंबाखूची पुडी काही सुटत नव्हती.

"पडदे अजून तेच!" दारातच ती म्हणाली.

"फाटले नाहीत तर बदलायचे कशाला?"

"आणि हे चिनीमातीचं कुत्रं? याचा कान मी तोडला होता."

"मी चिकटवला. बघ, दिसतंय का कुठे?"

"तू सगळंच चिकटवतेस, मम्मा," इल्वा हसून म्हणाली. त्या हसण्यात टोमणा होता, पण हसू होतं. बार्ब्रोने तेवढ्यावर समाधान मानलं.

त्याच संध्याकाळी इल्वाने एक निळा डबा टेबलावर ठेवला. "डोकं दुखलं तर फक्त यातल्या गोळ्या. बाकी कुठलीही वेदनाशामक गोळी चालत नाही मला आता. आणि ते ओमेगाचं तेलबिल, लसणाच्या गोळ्या, सगळं बंद. रक्त जास्त जातं म्हणे."

"बरं बरं," बार्ब्रो भांडी विसळत म्हणाली. तिने ऐकलं होतं, हे खरं. कॉफीच्या डब्याला टेकलेल्या नळीकडे तिची नजरही गेली नाही, हेही खरं. वेदनाशामक गोळ्या म्हणजे आरशामागच्या.

रविवारी चॅपलमध्ये तिने डोळे मिटून देवाला सांगितलं: हे होऊ देऊ नकोस. पोरीला सुबुद्धी दे. हेही खरंच होतं, आणि पुढे तेच तिच्या मानगुटीवर बसलं.

निकोटिन सुटलं तशी इल्वाची डोकेदुखी सुरू झाली. निळ्या डब्यातल्या गोळ्यांचा काही उपयोग होईना. स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकावर ओला टॉवेल कपाळावर घेऊन ती पडून राहायची, पाय बाकाबाहेर, लहानपणी पडायची तशीच. तिसऱ्या दिवशी डोळे न उघडता ती म्हणाली, "मम्मा, तुझं ते सरबत कर ना गं. आईचं सरबत."

अडतीस वर्षांची घोडी, पोटी एक पोर, नवऱ्याला सोडून आलेली, आणि आईचं सरबत मागतेय! ती उठली, पाठमोरी झाली आणि हातांनी जुनं काम जसंच्या तसं केलं. कोमट पाणी, गोळी, फसफस बसेपर्यंत तळ्याकडे बघणं, वरून सरबत. त्या वेळी तिच्या मनात ना शस्त्रक्रिया होती ना रक्त. पोरीने काहीतरी मागितलं होतं आणि ते तिला देता येत होतं, एवढंच होतं.

तासाभराने इल्वा उठून बसली. "जादू आहे तुझ्या हातात! काय घालतेस यात?"

"ब्लॅककरंट, साखर, पाणी," बार्ब्रो म्हणाली, "आणि आईचा हात."

मग ते रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी दुपारी. दोघी तळ्याकाठी फिरायला जाऊ लागल्या. एकदा इल्वा म्हणाली, "तुला माहितीय, मी आजवर कुणासमोर दिव्यात कपडे काढले नाहीत. नवऱ्यासमोरसुद्धा." बार्ब्रोने तिचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. पुढच्या रविवारी तिने देवाकडचं मागणं बदललं. नीट होऊ दे सगळं, म्हणाली. आधीचं मागणं मात्र परत घ्यायला ती विसरली.

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी दोघी दवाखान्यात गेल्या. आग्नेता नावाची नर्स होती, साठीला आलेली, चष्मा केसांत खोचलेला. रक्तदाब झाला, वजन झालं, मग प्रश्न सुरू झाले.

"वेदनाशामक काही?"

"फक्त हे निळं," इल्वा म्हणाली.

"रक्त पातळ करणारं काही? ओमेगा, लसूण, हळदीच्या गोळ्या?"

"काही नाही."

"आणि फसफसणाऱ्या गोळ्या? विचारते, कारण आपल्याकडे लोक त्याला औषध समजतच नाहीत. माझा सख्खा भाऊ कॉफीसारखा पितो त्या. पण त्यात अॅस्पिरिन असतं."

इल्वा हसली. "छे! मला त्याची चवच सहन होत नाही. लहानपणापासून एकही घेतलेली नाही."

बार्ब्रोच्या मांडीवरची पर्स घसरून खाली पडली. ती उचलायला वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"घेतली असती तर काय?" खालूनच तिने विचारलं. "समजा, कुणी चुकून..."

"जखम झाली की रक्तातले बारीक कण तिथे गोळा होऊन ती बंद करतात," आग्नेता म्हणाली. "ही गोळी त्यांना निकामी करते. नवे कण तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. एरवी कुणाला काही कळत नाही. पण इथे छातीत भर बसवायला आत पोकळी केलेली असते. टाके छान पडतात, सगळे खूश, आणि संध्याकाळी आतल्या आत रक्त साचायला लागतं. छाती दगडासारखी होते. मग धावतपळत पुन्हा भूल, पुन्हा टाके उघडा. कधी बसवलेलं सगळं काढून टाकावं लागतं. मी पाहिलंय ते. म्हणून कुणी घेतलेली निघाली तर आम्ही सरळ तारीख पुढे ढकलतो."

"माझं नशीब, मम्माकडे फक्त सरबत मिळतं," इल्वा म्हणाली. आग्नेताही हसली. बार्ब्रो पर्सची कडी लावत राहिली.

बाहेर आल्यावर इल्वाने आपणहून आईच्या हातात हात घातला. बार्ब्रो चार पावलं चालली आणि थांबली. "माझे मोजे... हातमोजे राहिले वाटतं आत. तू बेकरीत जागा धर, मी आलेच." मे महिना होता. हातमोजे घरी पेटीत होते.

आग्नेता खोलीत एकटीच होती. बार्ब्रोने दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सरबत, पाठमोरं उभं राहणं, अगदी कालच्या दुपारपर्यंतचं. आग्नेताने केसांतला चष्मा काढून हातात धरला.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "फार बरं झालं. मी डॉक्टरांना सांगते. परवाचं होणार नाही."

"तिला सांगू नका." बार्ब्रोने तिची बाही धरली. "काहीतरी दुसरं सांगा. डॉक्टर आजारी पडले म्हणा, यंत्र बिघडलं म्हणा. मी या सगळ्याच्या विरोधात होते हे तिला ठाऊक आहे. मी पाप म्हणाले होते. ती म्हणेल मी मुद्दाम केलं. तीन वर्षांनी ती माझ्याकडे आलीय हो!"

आग्नेताने बाही सोडवून घेतली नाही.

"बार्ब्रो," ती हळू म्हणाली, "म्हणजे आता मी तिच्या सरबतात गोळी घालायची?"

बार्ब्रोने बाही सोडली.

"तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून कळलेलं बरं. तिचे कागद मात्र मला आत्ताच दुरुस्त करावे लागतील."

बेकरीत इल्वाने दोघींसाठी बदामाच्या हिरव्या मार्झिपानचा थर दिलेला केक मागवला होता. तिने गळ्यातला रुमाल काढून खुर्चीवर टाकला होता. उकडत होतं म्हणून असेल. पण बार्ब्रोने तिचा गळा असा उघडा, चारचौघांत, कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"सिग्नेला मी कबूल केलंय," इल्वा म्हणाली, "ऑगस्टमध्ये तिच्याबरोबर पोहायला उतरणार. काठावर टॉवेल धरून उभी राहणारी आई नको म्हणते ती. मम्मा, तू बस ना. मिळाले हातमोजे?"

बार्ब्रो बसली. केकचा तुकडा तोडला, तो तसाच राहिला.

"सरबतात गोळी होती," ती म्हणाली.

"कसली गोळी?"

"फसफसणारी. लहानपणीही असायची. तुला चव आवडत नव्हती म्हणून मी... माझ्या लक्षातच आलं नाही गं. ते औषध आहे असं मला कधी वाटलंच नाही. मी आत्ता नर्सला सांगून आलेय. परवाचं त्यांनी रद्द केलं."

इल्वाचा चमचा हातातच राहिला. आधी तिला समजलंच नाही असं वाटलं. मग गळ्यापासून वर तिचा चेहरा लाल होत गेला.

"मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो."

"मी विचारलं होतं, यात काय घालतेस. तू म्हणालीस, आईचा हात."

"इल्वा..."

"तू मुद्दाम केलंस."

"नाही! देवाशपथ नाही!"

"देवाशपथ? याच देवापाशी तू काय मागितलंस, मला माहीत नाही असं वाटतं तुला? सांग ना. चॅपलमध्ये मागितलंस की नाही, हे होऊ नये म्हणून?"

बार्ब्रोने तोंड उघडलं. इथे एक 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. आयुष्यभर तिने अशी किती 'नाही' सरबतात विरघळवली होती. पण मघाशी दवाखान्यात जे सुरू केलं होतं ते आता अर्ध्यात सोडवेना.

"मागितलं," ती म्हणाली. "पहिल्या रविवारी. नंतर नाही."

इल्वा उठली. रुमाल उचलला आणि गळ्याभोवती दोन वेढे देऊन आवळून बांधला. शेजारच्या टेबलावरच्या बायका कॉफीत बघू लागल्या. "आणि समज, मुद्दाम नसेल केलंस," ती उभ्यानेच म्हणाली, आता आवाज खाली आला होता आणि तो जास्त वाईट होता. "तरी काय? माझ्या पोटात काय जातं ते तू ठरवणार. माझ्या कपड्यांत काय शिवायचं ते तू ठरवणार. एकदा, मम्मा, फक्त एकदा मला विचारायचं होतंस."

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. बार्ब्रोने डबा बांधून दिला होता, तो दाराजवळच्या स्टुलावर तसाच राहिला.

उन्हाळ्यात दवाखाना बंद असतो. ऑगस्ट आला आणि गेला. सिग्ने एकटीच पोहली असेल, काठावर टॉवेल धरून उभ्या असलेल्या आईसमोर. बार्ब्रोला त्या महिन्यात दुसरं काही सुचत नव्हतं. आपण मुद्दाम केलं नाही हे ती स्वतःला सांगायची, आणि मग विचारायची, हातांना ठाऊक होतं का? हात काही बोलत नसत. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी फोनवर तीन शब्द उमटले: "झालं. बरी आहे." सोबतीला कोण होतं, पहिली रात्र कशी गेली, दुखलं का, काहीच नाही. बार्ब्रोने "देवाची कृपा" असं लिहिलं, ते पुसलं, आणि "बरं वाटलं" असं पाठवलं.

नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, खिडक्यांत कागदी तारे लागले तेव्हा, दोघी आल्या. सिग्नेनेच हट्ट धरला होता म्हणे. बार्ब्रोने केशराचे पाव केले होते, कॉफी टाकली होती. इल्वाने कोट काढला. आत पातळ, अंगाबरोबर बसणारा राखी स्वेटर होता. गळा मोकळा. खांदे मागे. ती इतकी उंच आहे हे बार्ब्रोला कधी ठाऊकच नव्हतं.

"छान दिसतेस," ती म्हणाली. तिला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं.

"हो," इल्वा म्हणाली.

तिची नजर कॉफीच्या डब्याकडे गेली. शेजारची जागा रिकामी होती. नळी आता आरशामागे, कुलपात होती. इल्वाने ते पाहिलं. पिशवीतून थर्मास काढला आणि आपल्या कपात आपली कॉफी ओतली. या मुलखात लेकीने आईच्या घरी थर्मास आणणं म्हणजे काय, हे बार्ब्रोला कुणी सांगायला नको होतं. तिने केलेली कॉफी केटलीत निवत राहिली. पाव मात्र इल्वाने घेतला, आधी मोडून आत बघून.

"आजी, मला सरबत!" सिग्ने बाकावर उड्या मारत म्हणाली. "आई म्हणते तुझं सरबत फार भारी असायचं."

बार्ब्रोने लेकीकडे पाहिलं. मग बाटली, साखरेचा डबा आणि पाण्याचं भांडं टेबलावर आणून ठेवलं. ओट्याशी गेली नाही. दोघींच्या समोर, दिव्याखाली, चमचा वर उचलून धरत तिने ग्लास भरला.

"काय आहे त्यात?" इल्वाने विचारलं.

"ब्लॅककरंट, साखर, पाणी."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

ग्लास दोघींच्या मध्ये होता. सिग्नेने हात पुढे केला, पण इल्वाने तो ग्लास आधी उचलला. ओठाला लावला, एक घोट घेतला, आणि तोंडात धरून, आईकडे बघत, चव नीट तपासली. मग गिळला आणि ग्लास पोरीच्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली.